तडकेरावांचं घर

पडद्यावर आबांची मिशी थरथरायला लागली आणि थेटरात एकदम चिडीचूप झालं.

मिशी आबांचीच होती, त्यात शंका नव्हती. एक टोक वर, एक खाली. डोक्यावरची काळी टोपी मागे सरकलेली, सदऱ्याची वरची बटणं उघडी, आणि चिडल्यावर उजव्या पायाची टाच जमिनीवर आपटत राहायची ती सवय. साताऱ्यात ही टाच सगळ्यांना ठाऊक होती. मोती चौकाजवळ आमचा सोडावॉटरचा कारखाना होता आणि 'निकमांच्या बाटलीआधी निकमच फुटतात' असं लोक म्हणायचे, अर्थात आबा ऐकत नसताना. चित्रातल्या माणसाचं नाव मात्र निकम नव्हतं. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'तडकेराव'.

हे कार्टून माझ्या सदामामानं काढलं होतं. सदामामा आईचा धाकटा भाऊ. त्यांचे आईवडील लवकर गेले म्हणून तो आमच्याच घरी राहून शिकला आणि मग मुंबईला एका जाहिरातीच्या कंपनीत चित्रं काढायला लागला. त्या कंपनीनं मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायला दहाएक मिनिटांचं विनोदी कार्टून काढायचं ठरवलं आणि ते काम मामाकडे आलं. साताऱ्याला ते लागलं तेव्हा त्यानं आम्हा तिघांची तिकिटं स्वतः काढली. काय आहे ते सांगितलं नव्हतं. गंमत आहे, एवढंच म्हणाला होता.

तडकेराव सकाळी चहा प्यायला बसतात. एक घोट घेतात. चहात साखर नसते. मिशी थरथरते, टाच आपटते, कानांतून वाफ निघते, वाफेवर टोपी तरंगायला लागते. मग ते शेजारचा तांब्या उचलून भिरकावतात. तांब्या खिडकीतून बाहेर जातो तो पोस्टमनच्या डोक्यावर पालथा बसतो. आंधळा झालेला पोस्टमन सायकलसकट गवळ्याच्या म्हशीवर आदळतो, म्हैस उधळून लग्नाच्या बँडमध्ये घुसते, नवरदेव घोड्यावरून उडतो, आणि सगळ्या गावाला फेरी मारून तो तांब्या शेवटी तडकेरावांच्याच टाळक्यावर येऊन पडतो.

म्हैस बँडमध्ये घुसेपर्यंत लोकांनी हसू कसंबसं दाबून धरलं होतं. सगळ्यांचं लक्ष पडद्याकडे कमी आणि बाल्कनीत बसलेल्या आबांकडे जास्त होतं. दिवे लागले. थेटरचे मालक घाईनं जिना चढून वर आले. आबा खुर्च्या मोडतात की काय असं त्यांना वाटलं असावं. आबा उठून उभे राहिले. त्यांनी टोपी सारखी केली. मग मिशीवर बोट फिरवत म्हणाले, "मिशी बरोबर काढलीय हो पोरानं."

सबंध थेटर कोसळल्यासारखं हसलं. टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. आबांनी हात वर करून सगळ्यांचे नमस्कार घेतले. आई पदराचं टोक तोंडाशी धरून, तिच्या सवयीप्रमाणे मान किंचित तिरकी करून बसली होती. मागच्या बाई म्हणाल्या, वहिनी हसून हसून लाजल्या बघा. मी आईच्या शेजारी होते. ती हसत नव्हती.

परवा माझ्या नातवानं तेच कार्टून मोबाइलवर कुठूनसं शोधून मला दाखवलं. जुन्या काळातला निखळ विनोद, असं वर लिहिलं होतं आणि खाली लोकांनी हसऱ्या तोंडांची रांग लावली होती. तोही हसत होता. मी फोन त्याच्या हातात परत दिला आणि स्वयंपाकघरात गेले. म्हणून हे सगळं एकदा सांगून टाकायचं ठरवलं.

त्या खेळानंतर आमचे आबा गावाचे लाडके झाले. आधी लोक त्यांना टाळायचे, आता मुद्दाम दुकानात यायचे. बाटलीतली गोटी नीट बसत नाही, लेमनला वास येतो, असं काहीतरी काढायचे आणि आबा भडकले की टाळ्या द्यायचे. पाहुणे आले की लोक त्यांना अजिंक्यतारा दाखवत आणि मग आमचं दुकान. आबांनी बाटल्यांच्या पेट्यांवर तडकेरावांचं चित्र रंगवून घेतलं. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी ओरडायचं, निकम, मठ्ठ्यात मीठ नाही बरं का, आणि आबा पान सोडून उठायचे, टाच आपटायचे, आणि मांडव हसायचा.

घरात काय चाललं होतं ते मात्र कुणी विचारलं नाही.

आबांचा राग आम्हाला नवा नव्हता. भात मऊ झाला, कंदिलाची काच काळी राहिली, सदऱ्याला इस्त्री उलटी झाली, कशावरूनही ते पेटायचे. ताट फेकायचे, हाताला लागेल ते फेकायचे. पण तडकेराव यायच्या आधी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे, राग ओसरला की आबा ओशाळायचे. बाहेरच्या पायरीवर खाली मान घालून बसायचे आणि संध्याकाळी येताना कंदी पेढे आणायचे. ते पेढे आई कधी खात नसे, पण ते यायचे. आणि दुसरी गोष्ट म्हणजे ठोंबरेकाकू. त्या आमच्या शेजारी, मधे एक कमरेएवढी भिंत. आमच्याकडून भांड्याचा आवाज झाला की त्या वाटी घेऊन दारात हजर व्हायच्या, अनसूया, जरा विरजण दे गं, असं म्हणत. परकं माणूस दारात आलं की आबा गप्प व्हायचे. काकूंच्या घरी विरजण नसायचं असा दिवस बहुधा कधी नव्हताच.

तडकेराव आले आणि दोन्ही गोष्टी गेल्या. पायरीवर बसणं संपलं. आता ताट फेकून झालं की आबा खिडकीकडे बघायचे, कुणी ऐकलं का म्हणून. आणि भिंतीपलीकडून ठोंबरेकाकू हसत विचारायच्या, "काय हो, आज सकाळचा पण खेळ ठेवला का?" आबा आतून उत्तर द्यायचे, काकूंचं सगळं घर हसायचं, आणि आई खाली बसून भात गोळा करायची.

मी तेव्हा मास्तरणीची परीक्षा पास होऊन कोरेगावच्या शाळेत नुकती लागले होते. आठवडाभर तिथं खोलीवर राहायची आणि शनिवारी घरी यायची. दर शनिवारी आई थोडी जास्त वाळलेली दिसायची. मी एकदा काकूंना भिंतीपाशी गाठून म्हटलं की तुम्ही पूर्वी यायचात तशा येत जा. त्या म्हणाल्या, अगं शालन, तुझे वडील आता किती मजेशीर झालेत, माणूस निवळलाय की. मला त्यांच्या तोंडावर विरजणाची वाटी फेकावीशी वाटली. पण फेकाफेक करणारं माणूस घरात एक होतं तेवढं पुरे होतं.

मग व्यापारी मंडळाच्या स्नेहसंमेलनाचं निघालं. दिवाळीनंतरच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. तडकेराव पुन्हा दाखवायचे, आबांचा सत्कार करायचा आणि कलावंत म्हणून सदामामाचाही. मामा त्यासाठी मुंबईहून आला. दुपारी तो अंगणात पाय धुवत होता तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. आवाज चढू न देता सांगायचं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. हे तुझ्यामुळं झालं, तू त्यांना गावभर मिरवायला मोकळं सोडलंस, असं मी त्याला म्हटलं.

मामा बराच वेळ पायांवर पाणीच ओतत राहिला. मग म्हणाला, "शालन, ह्या घरात मी दाजींना फार भ्यायलोय. मला ते एकदा लहान करायचे होते. बोटाएवढे. सगळ्यांनी हसावं एवढे."

"ते लहान झाले नाहीत," मी म्हटलं.

आई तेव्हा मागच्या दारात गहू निवडत होती. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. तिच्याशी बोलताना नेहमी समोर जाऊनच बोलावं लागे. लक्ष नसतं तुझं, म्हणून आबा त्यावरूनही ओरडायचे.

संध्याकाळी हॉल भरून गेला. पुढच्या रांगेत आबा, मामा, मंडळाचे अध्यक्ष पाटणे वकील; बायका उजवीकडे. कार्टून झालं. लोकांना ते आता पाठ झालं होतं, म्हैस यायच्या आधीच हसू फुटत होतं. मग हार, शाल, श्रीफळ, भाषणं. आबांनी माईकसमोर टाच आपटून दाखवली. पाटणे वकील हौशी माणूस. ते म्हणाले, तडकेरावांना आपण सगळे ओळखतो, पण त्यांच्या तडाख्यात रोज राहून जी माउली हसतमुख आहे तिचाही मान करायला हवा. वहिनींनी वर यावं, खणनारळ स्वीकारावा आणि घरातली एखादी गंमत आम्हाला सांगावी.

आई कधी चार माणसांत बोलली नव्हती. ती नाही म्हणेल असंच मला वाटलं. पण ती उठली, पदर खांद्यावरून नीट घेतला आणि पायऱ्या चढून वर गेली. वकिलांनी तिच्या अंगावर शाल घातली. माईक तिच्यासाठी खाली करून दिला.

"मला बोलायची सवय नाही," आई म्हणाली. "वकीलसाहेब म्हणतात गंमत सांगा. तर ह्या चहाचीच सांगते. त्या दिवशी चहात साखर होती. ह्यांनी ढवळला नव्हता."

हॉल खदखदून हसला. आबासुद्धा मांडीवर थाप मारून हसले. आईनं हसू संपेपर्यंत वाट पाहिली.

"ह्यांनी तांब्या उचलला. पितळेचा होता, पाण्यानं भरलेला. चित्रात तो खिडकीतून बाहेर जातो आणि पोस्टमनला लागतो." पुन्हा थोडं हसू झालं. "आमच्या स्वयंपाकघराला त्या बाजूला खिडकी नाही. तिथं मी बसले होते."

काही लोक अजून हसतच होते. त्यांना ते कळायला वेळ लागला. मग एकेक जण थांबत गेला.

आईनं हात उचलून डाव्या कानाला लावला. "ह्या कानानं मला तेव्हापासून ऐकू येत नाही. डॉक्टरांना सांगितलं, न्हाणीत पडले. शालन लहान होती, आत्याकडे गेली होती, तिलाही तेच सांगितलं. सदा समोरच बसला होता, शाळेला निघालेला. त्यानं मिशी चांगली काढलीय, टोपी चांगली काढलीय. सगळं बघून काढलंय. मी तेवढी राहिले."

मी खुर्चीच्या कडा धरून बसले होते. आईची मान तिरकी का असते ते मला त्या क्षणी कळलं. लहानपणापासून मी ती मान बघत होते आणि तिला लाजाळू समजत होते. समोर आबांच्या मानेवरचा हार, बाजूला मामाच्या मांडीवरची शाल, सगळीकडे माणसं, आणि मला असा संताप आला की डोळ्यांपुढचं दिसेना. त्या पडद्याला जाऊन काडी लावावी असं वाटत होतं.

आबा उभे राहिले. "खाली उतर," ते ओरडले. "उतर म्हणतो ना."

मिशी थरथरत होती, उजवी टाच आपटत होती, हुबेहूब चित्रातल्यासारखी. मागच्या रांगेत कुणीतरी सवयीनं फिसकन हसलं आणि एकटंच पडलं म्हणून लगेच थांबलं. आबांनी त्या हसण्याच्या दिशेनं मान वळवली. आणखी कुणी हसेल म्हणून ते थांबले. कुणी हसलं नाही. पाटणे वकील टेबलाकडे बघत होते. आबा तसेच उभे राहिले आणि मग हळूहळू, पाय दुखत असल्यासारखे, खाली बसले.

आईनं शाल काढून घडी घातली, नारळासकट टेबलावर ठेवली आणि पायऱ्या उतरून सरळ दाराकडे चालायला लागली. मी मागोमाग निघाले. मामाही उठला. दाराशी आईनं त्याला बघितलं.

"अक्का," तो म्हणाला.

"तू माझ्या मागनं येऊ नकोस," आई म्हणाली. तिचा आवाज इतका कडक मी कधी ऐकला नव्हता. "तुझ्यासाठी मी त्या डॉक्टरपुढं खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर तुझी शाळा राहिली असती का त्या घरात?"

मामा तिथंच थांबला. मुंबईला जाऊन त्यानं ते कार्टून मागे घ्यावं म्हणून मालकांच्या हातापाया पडून पाहिलं. इतकं चाललेलं चित्र कोण मागे घेतो, म्हणून ते त्यालाच हसले. आई त्याच्याशी पुन्हा बोलली ती माझ्या लग्नात, तेही मानपानापुरतं.

त्या रात्री आम्ही घरी गेलो नाही. ठोंबरेकाकू आमच्या पाठोपाठ हॉलमधून निघाल्या होत्या. आपल्या घराचं कुलूप काढून त्यांनी आम्हाला आत घेतलं, गादी घातली, आणि मग आईजवळ बसून खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी हसत होते गं, अनसूया."

"हो," आई म्हणाली. "एका कानानं यायचं ऐकू."

काकू रडायला लागल्या. आईनं त्यांची समजूत घातली नाही. मला ते फार बरं वाटलं.

सकाळी आबा आले. काकूंच्या अंगणात उभे राहून त्यांनी मोठ्यानं हाक मारली. शेजारपाजारची दारं उघडली, लोक दारांत येऊन उभे राहिले. आई ओटीवर आली. मी तिच्या शेजारी. आबांनी सांगितलं की झालं ते झालं, तमाशा पुरे झाला, आता मुकाट्यानं घरी चल. आई म्हणाली, मी शालनबरोबर कोरेगावला चाललेय.

आबांची टाच हलली. त्यांनी आजूबाजूला बघितलं. गवळी किटली धरून उभा होता, काकूंचे यजमान दाढी अर्धी सोडून आले होते, समोरच्या दोघी कठड्याला टेकलेल्या. सगळे बघत होते, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. आबांची टाच थांबली. त्यांनी आवाज खाली आणला. इतका खाली आलेला त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. अगदी प्रामाणिकपणे, अडचणीत सापडलेल्या माणसासारखं त्यांनी विचारलं, "मग माझ्या जेवणाचं काय?"

आणि आई हसली. आधी नुसते ओठ हलले, मग तिला आवरेना. ओटीच्या खांबाला धरून ती हसत राहिली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसत राहिली. बाकी कुणी हसलं नाही. आबा ते हसू संपायची वाट बघत उभे राहिले, ते संपलं नाही, तेव्हा वळून गेले.

दुपारच्या एस.टी.नं मी आईला घेऊन कोरेगावला गेले. ती पुन्हा त्या घरात राहायला गेली नाही. माझ्या लग्नानंतरही ती आमच्याचकडे राहिली. भावकीतल्या लोकांनी बरीच वर्षं बोलून पाहिलं, एवढ्या तेवढ्यावरून कुणी संसार मोडतं का म्हणून. एवढं तेवढं म्हणजे काय, ते मी त्यांना दर वेळी कान दाखवून सांगायची. मला कधी ते हळू सांगता आलं नाही.

आबा नंतर पुष्कळ जगले. कारखाना बसला, पेट्यांवरचं चित्र उन्हानं पुसट झालं. ते दोन्ही वेळा चौकातल्या एका खानावळीत जेवायचे. ते वारल्यावर मी क्रियाकर्मासाठी साताऱ्याला गेले तेव्हा त्या खानावळवाल्याला जाऊन मुद्दाम भेटले. माझ्या मनात एकच प्रश्न होता. इतकी वर्षं ह्या माणसाला कसं सांभाळलंत, किती ताटं फेकली त्यांनी, असं मी विचारलं.

खानावळवाला माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "छे हो बाई. निकम अगदी गरीब माणूस. आमटी गार झाली तरी मुकाट्यानं खायचे. एकदा भातात खडा लागला तर खडा काढून बाजूला ठेवला, मला सांगितलंसुद्धा नाही."

मी बाहेर येऊन रस्त्यावर उभी राहिले. म्हणजे जमत होतं त्यांना. पहिल्यापासून जमत होतं.

आई पुढं आठ वर्षं जगली. हे मी तिला सांगितलं नाही. त्यांना राग आवरतच नसे, असं ती शेवटपर्यंत म्हणायची, आणि मी होय म्हणायची.